लेकीच्या अंगणात स्वतःचं बिऱ्हाड

मोलफ्रिदनं सगळं आयुष्य क्रिस्टियनसुंड या बंदरगावातल्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढलं. ओल्या चादरींची ओझी उपसून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते आणि बोलणं आखूड. नवरा, शेल, गेला तेव्हाही ती कुणाच्या गळ्यात पडून रडली नाही. माती दिली आणि दुसऱ्या आठवड्यात ती कामावर हजर. पण निवृत्त झाल्यावर मात्र तिला एक गोष्ट सलायला लागली. लेकीच्या घरचा सोफा.

लेक तोरिल पार उत्तरेला, आल्टाला राहायची. घर लहान, दोन खोल्यांचं. मोलफ्रिद दर उन्हाळ्यात विमानानं जायची आणि बैठकीतल्या सोफ्यावर झोपायची. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जावई आस्ले दगडाच्या खाणीत कामाला. पहाटपाळी करून घरी यायचा, बैठकीत सासूचं अंथरूण बघायचा आणि बूट न काढताच मागच्या शेडमध्ये जाऊन बसायचा. कुणी कुणाला शब्दानं दुखवत नव्हतं. सगळे नुसते हळू चालायचे, आणि मोलफ्रिदला ते हळू चालणंच ऐकू यायचं. गेल्या वर्षी नात उने हिनं आईला विचारलं, “आजी उठली की मला टीव्ही लावता येईल ना?” पोर साधेपणानं बोलली. मोलफ्रिद हसलीही. पण परतीच्या विमानात तिनं ठरवून टाकलं की पुढच्या वर्षी यायचं ते आपली पथारी आपल्याबरोबर घेऊन.

म्हणजे मोटरहोम, झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी. नवी घेण्याची तिची ऐपत नव्हती, जुनी बघायची. तोरिलला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली की एवढं मनाला लावून घेऊ नकोस, आणि घ्यायचीच असेल तर पैसे आम्ही घालतो.

“तुम्ही घातलेत तर ती तुमची गाडी,” मोलफ्रिद म्हणाली. “मग मी पुन्हा तुमच्याच सोफ्यावर.”

बँकेत मारियेल नावाची तरुण मुलगी होती. ती अदबीनं बोलली, पण तिच्या समोरच्या पडद्यावर मोलफ्रिदचं वय सदुसष्ट आणि पेन्शन बेताची, हे दोनच आकडे दिसत होते. राहतं घर तारण ठेवणार का, असं तिनं विचारलं. ते घर फेडता फेडता शेलचे केस पांढरे झाले होते. ते पुन्हा टांगणीला लावायला मोलफ्रिदनं साफ नकार दिला. लेकीला सहकर्जदार म्हणून घ्यायचं का, तर तेही नाही. शेवटी मारियेलनं सांगितलं की नुसत्या गाडीच्या तारणावर दीड लाख क्रोनरपर्यंत मिळेल, सहा वर्षांत फेडायचे, वरचे पैसे स्वतःचे, आणि गाडी तपासनिसानं पास केलेली हवी. गावाबाहेरचा एक विक्रेता काहीही न विचारता बारा वर्षांचं कर्ज द्यायला तयार होता. मोलफ्रिद त्याची कॉफी प्यायली, तिनं घरी येऊन हिशेब मांडला आणि तिच्या लक्षात आलं की ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत आपण एका गाडीसाठी जवळजवळ दोन गाड्यांचे पैसे भरणार. त्या वाटेला ती पुन्हा गेली नाही.

समुद्राखालच्या बोगद्यापलीकडे, आवेरॉय बेटावर, ओद्वार नावाच्या म्हाताऱ्याच्या कोठारात एक पांढरी गाडी उभी होती. त्याची नजर अधू झाली होती, परवाना गेला होता आणि बायको यूरुन वृद्धांच्या शुश्रूषागृहात होती. तो तीन लाख वीस हजार मागत होता. मोलफ्रिदची शिल्लक एक लाख वीस हजार. बँकेचे धरूनही पन्नास हजार कमी पडत होते. एवढी रक्कम हप्त्यानं चालेल का, असं तिनं विचारलं.

“बाई, मी एक्क्याऐंशीचा. हप्ते कुणाला देणार, थडग्याला?”

“थडग्याचा खातेक्रमांक द्या. भरीन.”

तो हसला नाही, पण कॉफी टाकायला उठला. हप्त्याचं मात्र त्यानं ऐकलं नाही. आधी गाडी तपासून घे, मग बघू, एवढंच म्हणाला.

तपासनीस आला आणि त्यानं मागच्या भिंतीला, पलंगाच्या खिडकीखाली, अंगठा दाबला. अंगठा आत गेला. वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतलं लाकूड भिजक्या पावासारखं झालं होतं. बँकेनं कर्ज थांबवलं. ओद्वारला हा जणू आपल्यावरच आळ वाटला. मी जन्मात कुणाला फसवलेलं नाही, असं म्हणून त्यानं कोठाराचं दार लोटलं आणि तिला दुसरीकडे बघायला सांगितलं. तोरिल म्हणाली, “आई, आता तरी सोड.”

मोलफ्रिदनं आठवडाभर विचार केला. दुसरी गाडी परवडणारी नव्हती. मग तिनं खारवलेल्या माशाचा, बटाटे-टोमॅटो घातलेला रस्सा मोठ्या डब्यात भरला, जुनी कामाची विजार चढवली आणि बस पकडून ती ओद्वारच्या दारात उभी राहिली.

“भिंत आपण दोघं उघडू,” ती म्हणाली. “हात माझे, सांगणं तुमचं. माझी मजुरी किमतीतून वळती करा.”

त्यानं डबा उघडून वास घेतला. “पन्नास हजार. त्याच्यावर एक क्रोनर नाही.”

“मला तेवढेच कमी पडतायत.”

असा तो हिवाळा त्या कोठारात गेला. ओद्वार खोक्यावर घोंगडी पांघरून बसायचा आणि बोटांनी लाकूड चाचपून सांगायचा की हे काढ, हे राहू दे. मोलफ्रिद फळ्या उचकटायची, कुजकं खरवडायची, नवं बसवायची. पहिलीच नवी फळी तिनं आखूड कापली. ओद्वारनं कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “बाई, चादर नाही ती, ओढून लांब व्हायला.” तिनं करवत टाकली आणि बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. राग थंडीपुढे टिकेना, तेव्हा आत येऊन तिनं दुसरी फळी मापली, दोनदा.

फेब्रुवारीत यूरुन गेली. मोलफ्रिद अंत्यविधीला गेली, मागच्या बाकावर बसली आणि नंतर मुद्दामच कोठाराकडे फिरकली नाही. गाडी आता मिळायची नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. एका सकाळी ओद्वारचाच फोन आला. “ओली भिंत कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. कधी येतेस?” ती त्याच दिवशी गेली. त्या दिवशी त्यानं एकही टोमणा मारला नाही, आणि तिला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

एप्रिलमध्ये तपासनिसानं भिंतीवर टकटक केली, ओल मोजायचं यंत्र लावलं आणि होकारार्थी मान हलवली. कर्ज मंजूर झालं. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तिनं ओद्वारला विचारलं, यूरुननं शिवलेले पडदे तुम्हाला हवेत का. त्यानं एक काढून घेतला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. बाकीचे असू देत म्हणाला.

मेच्या अखेरीस ती निघाली. धुलाईखात्याची व्हॅन तिनं चालवली होती, पण हे धूड वेगळं. पहिल्या घाटात मागून ट्रकवाला भोंगा वाजवत राहिला, तेव्हा ती बाजूला थांबली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. परत फिरणं सोपं होतं. तिनं थर्मासमधली कॉफी संपवली आणि ट्रक दिसेनासा झाल्यावर पुन्हा रस्त्याला लागली. पुढच्या घाटात तिनं स्वतःच बाजू दिली आणि हातही केला.

आल्टाला पोचली तेव्हा अंगणाच्या एका कडेला गाडीपुरती जागा खाणीतली खडी पसरून सपाट केलेली होती, आणि शेडच्या भिंतीवर विजेचा नवा सॉकेट होता. तोरिल म्हणाली, मी नाही सांगितलं, आस्लेनं आपणहून केलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर गाडीच्या दारावर टकटक झाली. आस्ले उभा होता, बूट हातात घेऊन.

“येऊ का, आई?”

तिनं त्याला बसायला सांगितलं, कॉफी ओतली, वॅफल पुढं केलं. तो अवघडून बसला, खिडक्या, शेगडी, मागची भिंत बघत राहिला. मग कपाकडे बघत म्हणाला, “तुम्ही सोफ्यावर असायचात तेव्हा मला कुठं बसावं कळायचं नाही.”

“मला कधी उठावं ते कळायचं नाही,” ती म्हणाली.

दोघंही थोडं हसले. नंतर त्यानं भिंतीच्या दुरुस्तीबद्दल विचारलं, आणि तिनं त्याला आखूड फळीपासून सगळं सांगितलं. खाणीत काम करणारा माणूस, त्याला ऐकायला आवडलं. पुढं पाळी सुटली की तो आधी इथं टेकून मग घरात जायला लागला.

दर महिन्याला पेन्शनमधून हप्ता कापला जातो. मोलफ्रिदनं वर्तमानपत्र बंद केलंय, केस स्वतःच कापते आणि ते वाकडे आहेत हे तिला माहीत आहे. ऑगस्टमध्ये थंडी पडू लागली तशी ती निघाली. सरळ घरी जायचं होतं, पण लोफोटेन बेटांचा फाटा आला तेव्हा तिनं वळायचा दिवा लावला आणि कुणालाही फोन न करता वळली.