शेवटच्या गाण्यानंतरची हाक

लोक तिच्या नवऱ्याला 'तुफान' म्हणत. घरी हे तुफान दुपारी बारापर्यंत लोळत पडायचं आणि मोजे सापडेनात की तेवढ्यापुरतं घोंघावायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला 'मनी' म्हणायचा, मांजरीसारखी पावलं न वाजवता वावरते म्हणून. पुढे गिटारीसकट तो पोस्टरांवर झळकू लागला आणि मनीची नुसती 'अगं' झाली.

दातांच्या डॉक्टरकडच्या नोकरीवर पाणी सोडून ती त्याच्याबरोबर गावोगाव हिंडली. कार्यक्रमात तिची जागा ठरलेली: स्टेजच्या कडेला, पडद्याआड, कानांत कापसाचे बोळे घालून. शेवटचं गाणं संपलं, ड्रम धडाडले, लोक किंचाळू लागले, की तो घामेजलेला चेहरा तिच्याकडे वळवायचा आणि त्याचे ओठ हलायचे. ऐकू काही यायचं नाही, पण तिला स्वच्छ दिसायचं: मनी. ती धावत सुटायची. जातेच आहे तर म्हणून पाण्याची बाटलीही न्यायची. बाटली घेऊन तो पुन्हा लोकांकडे वळायचा.

त्या एका हाकेवर तिने बावीस वर्षं काढली. मासिकांतले भलतेसलते फोटो, परक्या बायकांचे फोन, सगळं पोटात घातलं. एकदाच बॅग भरून बहिणीकडे गेली.

"आता परत गेलीस तर तुझ्यासारखी मूर्ख तूच," बहीण म्हणाली.

"अगं, हजारो लोकांसमोर हाक मारतो तो मला. तुझा नवरा जेवायला तरी मारतो का?"

चौथ्या दिवशी ती परत आली. मूर्खच, पण सुखात होती बिचारी.

तो गेल्यावर वर्षभराने त्याच्या शेवटच्या तीन दिवसांच्या कार्यक्रमांची रेकॉर्ड निघायची होती. स्टुडिओत आवाजाचं काम बघणाऱ्या मुलीने तिला बोलावून घेतलं.

"काकू, गाणं संपल्यावर सर काहीतरी बोललेत. ड्रमच्या माइकमध्ये सापडलं. गोंगाट काढलाय, ऐका."

तिने आधी केस नीट केले, मग हेडफोन लावला. त्याचा आवाज अगदी कानाशी आला, धापा टाकणारा.

"पाणी."

"परत लाव गं."

"पाणी."

"दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात?"

"तिन्ही दिवस हेच आहे, काकू."

म काय नि प काय, ओठ मिटावेच लागतात. बावीस वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि सगळ्यांत आधी बहिणीची वाटली. पडद्याआड उभी असलेली ती वेडी, आनंदाने धावणारी बाई आठवली आणि तिची फार दया आली.

मुलगी हसत होती. "किती तहान लागत असेल ना सरांना! राहू दे ना हे रेकॉर्डमध्ये? आणि पाणी कोण द्यायचं हो? कव्हरवर मदतनिसांचीही नावं टाकतोय आम्ही."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"होती एक बाई," ती म्हणाली. "आपल्याला हाक मारली असं वाटायचं तिला, म्हणून धावायची."