टेलचं पाणी

माणिकपूरच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतात ते माझ्या समोरच्या दारातले काका. निवृत्त होईपर्यंत ते कालव्यावर पाटकरी होते; धरणाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडायचे. अजूनही व्हॉल्व्ह उघडला की ते पाइपाला कान लावून पाणी कुठवर गेलं ते ऐकतात.

परवा दोन दिवसांनी पाणी आलं. टाकीला लागून आमचीच ए विंग, तरी काकांनी आधी शेवटच्या डी विंगला सोडलं. आईला ताप होता, घरातली पिंपं कोरडी. मी खाली जाऊन ओरडलो, "काका, आधी आपलं सोडा ना!"

"आदी टेलला," ते शांतपणे म्हणाले. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "तोंडाशी बसलेल्याला पानी कधीपन मिळतं. शेवटचं शेत भिजल्याबिगर मी कोनाचं दार उघडलं नाय."

आणि शेवटच्या घरातला नळ बघायला ते डी विंगकडे चालू लागले.

मी धुमसत वर आलो. काकांच्या दारात काकी रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. मला बघताच त्यांनी विचारलं, "टेलला पोचलं का रे?"