सोनाबाईंचा डोळा, निर्मलाची गोळी

१९७८ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, माझी पत्नी निर्मला हिला शाळेत अर्धांगवायूचा झटका आला. तिचे वय तेव्हा एकोणचाळीस. चिंचवडच्या एका प्राथमिक शाळेत ती दुसरीचा वर्ग शिकवत होती. फळ्याकडून मुलांकडे वळताना तिचा डावा पाय उचलेना. हेडमास्तरांनी तिला रिक्षाने रुग्णालयात नेले. मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक. पोचलो तेव्हा तिला खाटेवर घेतले होते.

डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक आहे. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला."

कारण हृदयात होते. लहानपणी सांधेताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप अरुंद झाली. याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात. त्यामुळे ठोके अनियमित पडत होते. ते एट्रियल फिब्रिलेशन. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी रोज सकाळी डिगॉक्सिनची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी सुरू झाली. दोन्ही चुकवायच्या नाहीत, असे बजावून सांगण्यात आले.

डिसेंबरात ती घरी आली. बोलणे स्पष्ट होते. काठी घेऊन मोरीपर्यंत जाता येत होते. डावा हात हलत नव्हता आणि तोंड डावीकडे उतरले होते. कोणी आले की ती पदर गालावर ओढून घेई.

जानेवारीत पाय आणखी सुधारला, पण ती अंथरुणातून उठेनाशी झाली. ताट तसेच परत जाई. विचारले तर एका शब्दात उत्तर. पहाटेपासून जागी असे. शाळेतल्या बाई भेटायला आल्या, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. अशक्तपणा आहे, असे आम्हाला वाटले. माझ्या बहिणीला तो हट्ट वाटला. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ही चूक करू नये.

रुग्णालयाने आम्हाला पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तिच्याशी एकटीशी बोलून मग मला आत बोलावले.

"हे डिप्रेशन आहे," ते म्हणाले. "मन खचण्याचा आजार. स्ट्रोकनंतर पुष्कळांना होतो. यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही."

औषध विचारले. त्यासाठी त्यांच्याकडे ट्रायसायक्लिक जातीच्या गोळ्या होत्या. त्या हृदयाच्या ठोक्यांत गडबड करू शकतात. त्यांनी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या लहरींचा आलेख, पुन्हा पाहिला आणि कागद खाली ठेवला. "या हृदयावर मी हे औषध देणार नाही. विजेचे झटकेही नाहीत."

"मग काय करायचं?"

"दर आठवड्याला इथे आणा. रोज चालवा. एकटं ठेवू नका. आणि एक सांगा, तिच्यावाचून तुमच्या घरात काय अडलंय?"

काहीच अडले नव्हते.

आमची कॉलनी कारखान्यांतल्या लोकांची. एखादा माणूस गैरहजर राहिला तर दुसरा त्याच्या मशीनवर उभा राहतो आणि काम थांबत नाही, ही इथली रीत. बायकांनी आमचे घर त्याच रीतीने उचलले होते. सकाळचा डबा एकीकडून येई, पाणी दुसरी भरे, कपडे तिसरी वाळत घाली. पहिल्या शिफ्टवाल्यांच्या घरून दुपारचे, दुसऱ्या शिफ्टवाल्यांच्या घरून सकाळचे. "बाई, तुम्ही फक्त पडून राहा. आम्ही आहोत ना," असे प्रत्येकजणी म्हणे. ते मनापासूनचे होते.

डॉक्टरांचे ऐकून मी तिच्यापुढे ताटात तांदूळ ठेवले. तिने थोडा वेळ बोटे फिरवली.

"हे निवडलेले आहेत," ती म्हणाली. "मला खेळायला दिलेत का?"

तिने ताट सरकवले आणि भिंतीकडे तोंड केले.

फेब्रुवारीत रुग्णालयातल्या तपासणीत नाडी फार जलद लागली. डॉक्टरांनी तिला विचारले, गोळ्या घेता ना? ती म्हणाली, "घेऊन काय करू?" मी सकाळी गोळ्या तिच्या हातावर ठेवत असे. ती तोंडात टाकी आणि मोरीत जाऊन चूळ भरे. गोळ्या चुळीबरोबर जात होत्या.

डॉक्टरांनी मला बाहेर नेले. पुन्हा गुठळी झाली तर दुसरा झटका येईल आणि त्यातून ती वाचेलच असे सांगता येणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले की घरी जमत नसेल तर दाखल करावे लागेल. सगळी औषधे माझ्या कुलपात ठेवायला त्यांनी सांगितले. दाखल करण्याआधी आठवडाभर थांबायचे ठरले.

त्याच आठवड्यात शेजारची लता दारात आली. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या सासूबाई सोनाबाई, दिघीच्या जुन्या शेतकरी घरातल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे राहिल्या होत्या. ऑपरेशन झाले होते. चष्मा मिळेपर्यंत त्यांना उजेड आणि सावली एवढेच कळत होते. डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायचे होते. ठरवलेली बाई आली नव्हती आणि लताची शिफ्ट चुकवण्यासारखी नव्हती.

"भाऊजी, तुम्ही घरी असता सकाळी. तेवढे थेंब घालाल?"

मी हो म्हणालो. तिचा हात धरून उभ्या असलेल्या सोनाबाईंनी नाही म्हटले.

"पुरुषमानसाला मी डोळ्याला हात लावू द्यायची न्हाई. त्या मास्तरीणबाई हायेत ना?"

"आत्याबाई, त्या आजारी आहेत. त्यांचा एक हात चालत नाही," लता म्हणाली.

"माजं दोन, तिचा एक. तीन हात झालं की. एका थेंबाला किती हात लागत्यात?"

लताला उशीर होत होता. ती त्यांना निर्मलाच्या खाटेशी बसवून गेली. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून सोनाबाईंचा आवाज आला.

"मास्तरीण, हायेस का गेलीस?"

"आहे."

"मी खालची पापणी वढते. तू थेंब सोड. नाकात सोडू नगंस."

पहिला थेंब गालावर गेला. दुसरा डोळ्यात पडला. सोनाबाई म्हणाल्या, "झ्याक. आता दुपारी."

निर्मला दुपारी थेंबांसाठी उठून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. ठरवलेली बाई पुढे आलीच नाही. तिच्या जागी दुसरी शोधू नका, असे मी लताला सांगितले. गोळ्यांचे काय चालले आहे तेही सांगितले. तिने ते सासूला सांगितले असावे. मी तिला तसे करायला सांगितले नव्हते.

त्यानंतरच्या सकाळी निर्मलाने बाटली उघडली, तेव्हा सोनाबाईंनी डोळा मिटून घेतला.

"आदी तुजी गोळी. तवर मी डोळा उघडायची न्हाई."

"घेतली मी."

"मग माज्यासमोर घे."

"तुम्हाला कुठं दिसतंय?"

सोनाबाईंनी चाचपडत हात पुढे केला आणि दोन बोटे निर्मलाच्या गळ्यावर ठेवली. "आता गीळ."

मी दारात उभा होतो. निर्मलाने माझ्याकडे पाहिले नाही.

"घसा हलला न्हाई," सोनाबाई म्हणाल्या.

"हलला."

"मी आंधळी हाय गं, येडी न्हाई. पुन्यांदा."

निर्मलाने पाण्याचा घोट घेतला. घसा हलला. दुसरी गोळीही गेली. मग सोनाबाईंनी डोळा उघडला.

हे रोज झाले. दाखल करणे पुढे ढकलले गेले. सोनाबाईंना गप्प बसवत नसे. रस्त्यावरून काय गेले, कोणाच्या दारात कोण आले, हे त्या विचारत आणि निर्मलाला सांगावे लागे. त्यासाठी ती खिडकीपाशी बसू लागली. त्यांच्यासमोर ती पदर ओढत नसे. काही दिवस ती बोलत नसे, रडे. तेव्हा सोनाबाई म्हणत, "रड, पन थेंब चुकवू नगं." मार्चमध्ये तिने एकदा भाकरी मागून घेतली.

मानसोपचारतज्ज्ञांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "चालू द्या. हा इलाज नव्हे, हा आधार आहे. दर आठवड्याचं येणं बंद करायचं नाही." आम्ही ते बंद केले नाही. ज्यांना औषध देता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो: डॉक्टर सोडू नका, आणि रुग्णाकडून होण्यासारखे एखादे खरे काम घरात शिल्लक ठेवा.

मार्चच्या शेवटी सोनाबाईंना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. लता त्यांना घेऊन थेट आमच्याकडे आली. पावले ऐकून निर्मलाने पदर गालावर घेतला. सोनाबाई समोर बसल्या आणि पदर त्यांनी स्वतःच बाजूला केला. बराच वेळ पाहिले.

"तोंड वाकडं हाय की गं तुजं. सांगितलं न्हाईस कदी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला वाटलं व्हतं, मास्तरीण माज्यावानी देखणी असंल."

लताने जीभ चावली. निर्मला हसली. झटक्यानंतर मी तिला हसताना प्रथमच पाहिले. हसताना तिचे तोंड अधिकच एका बाजूला ओढले जाते. तिने पदर घेतला नाही.

एप्रिलमध्ये सोनाबाई दिघीला परत गेल्या. आता गोळी घेताना गळ्यावर हात ठेवणारे कोणी नव्हते. मी ठेवू का, असे विचारले. ती नको म्हणाली. मी गोळ्या तिच्या हातावर ठेवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसत असे. मोरीत चूळ भरल्याचा आवाज येई. तो दात घासल्याचा की आणखी कशाचा, हे कळायला मार्ग नव्हता.

महिनाअखेर तपासणी होती. डॉक्टरांनी घड्याळ समोर धरून नाडी मोजली, मग छातीला नळी लावून पुन्हा मोजले. नाडी अजून अनियमितच होती. वेग उतरला होता.

"गोळ्या पोटात जात आहेत," ते म्हणाले.