पेइयुनच्या फुलांतली पाटी

कपडे बदलायच्या खोलीत मी डोक्यावर जाळी चढवत होते, तेव्हा ली-सान आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "पेइयुन गेली," एवढंच जपानीत म्हणाल्या. सायकलवरून कामाला येताना वळणावर ट्रकने उडवलं... जपानमधल्या उरायासुच्या आमच्या जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात ती माझ्या उजव्या हाताला उभी राहायची. मी भात घालायचे, ती त्यावर लोणच्याची फोड ठेवायची.

पेइयुन तैवानची. वय पंचविशीचं, शिकता शिकता आमच्याकडे बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पण आम्हा दोघींचं जपानी मोडकंच, त्यामुळे तिच्याशी बोलायची भीती वाटायची नाही. कामावर डोळे सोडून सगळं झाकलेलं असतं, म्हणून कुणाला कुठल्या भाषेत सांगायचं ते कळावं यासाठी टोपीवर ज्याच्या त्याच्या देशासाठी ठरलेल्या रंगाची पट्टी चिकटवतात. साहेबांनी तिला चीनचा रंग दिला होता. ती तो रोज काढून टाकायची आणि रोज बोलणी खायची. "भाषा तीच ना?" साहेब म्हणायचे. "भाषा तीच, देश वेगळा," ती म्हणायची. ली-सान, म्हणजे लीबाई, चीनच्या, आम्हा सगळ्यांत वडील. त्यांना हे लागायचं. "एका घरातली माणसं आपण, आणि हिला माझ्या रंगाची लाज वाटते!" जेवणाच्या टेबलावर मी दोघींच्या मध्ये बसायचे आणि मान खाली घालून पोळी मोडायचे.

एकदा ती आमच्या घरी जेवायला आली. माझे यजमान हॉटेलात स्वयंपाकी आहेत. ते म्हणाले, "एवढं मनाला का लावून घेतेस? आमचा मालक नेपाळी, पण दारावर भारताचा झेंडा लावतो. गिऱ्हाईक भारतीय समजलं तर हसून मान हलवतो."

"दुकान बंद करून घरी गेल्यावर तो कोण असतो?" तिने विचारलं.

"नेपाळीच की!"

"बघा. मला घरी गेल्यावरसुद्धा कुणी ना कुणी सांगतं, तू तैवानची नाहीस, चीनची आहेस."

मग आजोबांबद्दल बोलली. ते तरुणपणी चीनमधून तैवानला आलेले, शेवटपर्यंत तिकडच्या गावाची आठवण काढायचे. "आजोबा मला फार आवडायचे. पण त्यांचं गाव तिकडे, माझं तैवानमध्ये. माझ्या सगळ्या मैत्रिणी असंच म्हणतात. आम्ही भांडायला नाही उठलो... आम्ही फक्त आमचं नाव सांगतो."

ती अपघातात गेल्यावर कारखान्यातल्या जेवणाच्या खोलीत तिचा फोटो मांडला, उदबत्ती लावली. तिचे आईवडील तैवानहून तिथे यायचे होते. इथे फुलं देणाऱ्याचं नाव पाटीवर लिहून फुलांतच खोचतात. ली-साननी पांढऱ्या फुलांची मोठी परडी आणली होती. मला जपानी अक्षरं वाचता येत नाहीत, पण पाटीवरची दोन ओळखू आली. बाजारात लसणाच्या जाळीवर असतात... चीन. पुढे काय लिहिलंय, मी विचारलं.

"तिचे देशबांधव," ली-सान म्हणाल्या.

आईवडील खाली दारापर्यंत आले होते. मी म्हणाले, "ली-सान, ही पाटी काढा."

"काय? परक्या मुलखात मेलेल्या पोरीला मी आपली म्हणते, यात वाईट काय?"

"तुम्ही आपली म्हणा. पण ती असती तर तिने स्वतः काढली असती."

"तू कोण सांगणारी?"

"मी तिच्या शेजारी भात भरते."

जिन्यावर पावलं वाजत होती. वाटलं, ली-सान आता सगळ्यांदेखत ओरडतात. त्यांनी पाटी उपसली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूला पेनाने फक्त आपलं नाव लिहिलं. पेइयुनची आई परडीपुढे वाकली, तिने पाटी वाचली आणि वळून ली कोण ते विचारलं. ली-साननी आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आता माझ्या उजव्या हाताला ली-सान उभ्या राहतात. त्यांनी स्वतः ती जागा मागून घेतली. माझ्याशी अजून फार बोलत नाहीत. परवा साहेब नव्या मुलीला दाखवत होते, "इथे ती चिनी मुलगी होती, ती अपघातात गेलेली..." डब्यांचा पट्टा चालू होता. ली-साननी एक फोड नीट भाताच्या मधोमध ठेवली आणि मान वर न करता म्हणाल्या, "तैवानची."