वाटसरूला चालतं

दादांचं परदेशी जायचं ठरलं आणि प्रवरेकाठच्या आमच्या गावात नुसती धमाल उडाली. दादा म्हणजे माझे वडील. ऊसवाल्या शेतकऱ्यांची एक तुकडी हवाई बेटांवरची उसाची शेती बघायला निघाली होती, तीत त्यांचा नंबर लागला. आईला त्या उसाशी काय देणंघेणं! विमान टोकियोत बदलायचं होतं, आणि टोकियोत माझी ताई होती. लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिकडं गेली, ती दोन वर्षं आम्हाला दिसली नव्हती.

मी तेव्हा नगरला कॉलेजात, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी! तिकीटवाल्याकडं दादांबरोबर मीच गेले. तो म्हणाला, येताना लेकीला भेटायचं तर दोन वाटा आहेत. टुरिस्ट व्हिसा काढा, तिचा पत्ता द्या, तिचे पाहुणे म्हणून महिनाभर राहा. नाहीतर पुढचं तिकीट हातात असलं की व्हिसा लागत नाही. ट्रान्झिटवाले म्हणून तीन दिवस शहरात फिरा आणि पुढं चालू लागा.

"महिना! त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं.

दादांचं तोंड एवढंसं झालं. आमच्यात लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, आणि ताईला अजून मूल नव्हतं. महिनाभर काय उपाशी बसायचं?

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. "अवं, तिथं कोन बघतंय? जपानात आपली भावकी हाय व्हय?"

"मी बघतोय की," दादा म्हणाले.

मग काय, दोघांची बोलाचाली बंद. आमटी खारट व्हायला लागली. आणि एका सकाळी दादा मळ्यातून ओरडतच आले, "ठरलं! ट्रान्झिट! पाहुना न्हाई, वाटसरू! वाटसरूला कुनाच्याबी दारात पानी चालतं!"

अगं बाई, काय हसलो आम्ही! आईनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू आवरेना. व्हिसाची असली फोड त्या तिकीटवाल्यानंही कधी ऐकली नसेल.

दादा गेले आणि आले. उसाबद्दल एवढंच म्हणाले, "बरा हाय." मग ताईची गोष्ट सुरू झाली. तिकडच्या घरात दारातून शिरलं की आधी जोडे काढायची सखल जागा असते, मग पायरी चढून खरं घर. दादांनी तिथंच, जोड्यांशेजारी, बैठक मारली. "ही जागा वाटंवरचीच. हितंच द्या पानी." जावई विनवण्या करून थकला. ताई हसता हसता रडायला लागली, मग आपलंही ताट घेऊन खाली आली. झोपायला दादा हॉटेलात जायचे, पण तिन्ही दिवस बापलेक जोड्यांत बसून पिठलं-भात जेवले.

आईनं एवढंच विचारलं, "वाळली का वो ती?"

"न्हाई. हाय तशीच हाय."

"मग मलाबी काढा की ट्रान्झिट."

दादा हसले. "अगं, त्याला फुडं कुठंतरी जायाचं लागतं. तुला कुठं जायाचंय?"

"कुठंबी," आई म्हणाली. "तिच्या दारावरनं जात असलं म्हंजे झालं."