गावाचा भाचा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पवनीत मला ओळखणारे हे वाचून आधी हसतील, कारण माझ्या पोटात काही टिकत नाही अशी माझी ख्याती आहे. पानठेल्यावर मी उभा राहिलो की चार माणसं आपोआप थांबतात. मी हात नाचवतो, आवाज काढतो, तलाठ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांच्या नकला करतो. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं आत कशी राहिली? सांगतो. वळसे घेत सांगेन, तशी सवयच आहे — पण पोचेन.

माझा धंदा मासोळीच्या बियाचा. बी म्हणजे रोहू, कतला, मृगळ यांची बोटभर पिल्लं. बीज केंद्रातून ती उचलायची, प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबर, आणि पावसाळ्यात गावोगावच्या तलावांवर पोचवायची. गावातले ढिवर, म्हणजे मासेमार, ती तलावात सोडतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचे मासे होतात आणि त्यावर घरं चालतात.

आता गंमत बघा. बोटभर पिल्लू हे बोटभर पिल्लूच दिसतं. ते खरंच कतला आहे की कचरा, हे बहुतेकांना कळतं ते जाळं ओढल्यावर. म्हणून या धंद्यात लोक माल बघत नाहीत, माणूस बघतात. सुरुवातीला मी गुलाबी कागदावर पत्रकं छापली होती. आठवड्याभरात त्यांतच बांधून मला चिवडा मिळाला! तुझी माणसं कोण, तू कुणाचा, एवढंच इथे विचारलं जातं. आणि मी कुणाचाच नव्हतो. बाप सायकलींची पंक्चरं काढायचा, ढिवरांशी आमचा संबंध काय?

मग डोमाजी भेटले.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि माणसं नव्या जागी वसवली, अशा एका गावातले डोमाजी. तिथल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. उंच, काळेभोर, दंडावर ताईत, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. या माणसाबद्दल मी बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं, तरी एवढं सांगू द्या. ते पिशवीचं तोंड सोडायचे, हात पाण्यात घालून डोळे मिटायचे, मग उघडून एकदाच बघायचे. आणि सांगायचे, यात कतला कमी आहे, मृगळ जास्त आहे, ही पिल्लं परवाची आहेत, वाटेत उन्हात राहिली आहेत. सगळं बरोबर! बीज केंद्रातले शिकलेले साहेब त्यांना भिऊन असायचे. आजूबाजूची दहा-बारा गावं त्यांच्या शब्दावर बी घ्यायची. डोमाजींनी हात घातला, मान हलवली, म्हणजे बी खरं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंचविशीचा होतो. दोन व्यापाऱ्यांना त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं. माझी पाळी आली. त्यांनी पिशवीकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "तुई माय कोनत्या गावची गा?"

माझी आई आंबागडच्या पायथ्याची. ते मी सांगायला हवं होतं. चार शब्द होते. मी त्यांच्या बुडालेल्या जुन्या गावाचं नाव घेतलं.

का घेतलं? धंदा हवा होता, हे झालंच. पण खरं सांगू? मला त्या क्षणी ते सुचलं आणि सुचलेलं मला आवडलं. नटाला टाळी दिसावी तसं काहीतरी. बुडालेल्या गावात जाऊन कोण विचारणार होतं?

डोमाजींचा चेहरा बदलला. ते खाटेवरून उठले. "वरच्या मोहल्ल्यातल्या शिंप्याची शांती? तू शांतीचा पोरगा होय का?"

मला शांती कोण ते ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

शिंप्याचं ते घर धरणाच्या आधीच गाव सोडून रायपूरकडे गेलं होतं, पुन्हा कुणाला दिसलं नव्हतं. शांती लहानपणी डोमाजींना राखी बांधायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच झालं की हा पन्नाशीचा माणूस वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, वयाचा हिशोब नसतो. आणि गावची लेक ती साऱ्या गावाची बहीण, तिचा मुलगा साऱ्या गावाचा भाचा. बायका आल्या, म्हातारे आले, एकेक जण वाकला. मी उभा होतो. आणि सांगायला लाज वाटते — मजा येत होती.

त्यानंतर माझ्या धंद्याला पाय फुटले. डोमाजी मामा मला घेऊन गावोगाव फिरले. "हा आमचा भाचा" एवढंच म्हणायचे. मी बारशांना गेलो, तेरवीला गेलो, लग्नात पंगती वाढल्या. तुम्ही म्हणाल, सगळं नाटकच ना? नाही हो. तिथे मी खरंच जायचो, खरंच जेवायचो, खरंच रडायचो. फक्त पाया खोटा होता.

अडचण एकच. "माईले एखांदा मायेरी आन ना रे," मामी प्रत्येक खेपेला म्हणायच्या. एक वर्ष टाळलं, दोन वर्षं टाळलं. तिसऱ्या वर्षी मी सांगितलं की आई वारली. त्या वेळी माझी आई पवनीत घराच्या गच्चीवर पापड वाळत घालत होती. मामींनी चूल विझवली. पुढच्या अक्षय तृतीयेपासून त्यांच्या घरी पितरांबरोबर शांतीच्या नावानं पाणी भरलेली घागर ठेवली जाऊ लागली. खरी शांती आहे की नाही, कुठे आहे, मला आजही माहीत नाही.

पण कबूल करायचं आहे ते हेही नाही. इथवर मी कधीमधी स्वतःशी हसूनसुद्धा घेतलं आहे. हसू येत नाही ते पुढचं.

सात-आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात बीज केंद्रातलं बी संपलं. बारा गावांना शब्द दिलेला. मी रस्त्यावरच्या एका विकणाऱ्याकडून पिशव्या उचलल्या. गाडीत ठेवताना एक पिशवी उजेडात धरली. रोहूच्या पिल्लांत काही मोठ्या डोक्याची पिल्लं वळवळत होती. त्यांना मिशा होत्या. मांगूर. तलावात सोडला तर तो आसपासची पिल्लं खाऊन टाकतो, हे या जिल्ह्यात कुणालाही विचारा. मी दुसरी पिशवी बघितली. तिसरी बघितली नाही. अशा पिशव्या कुठे उतरवायच्या? जिथे तपासणार नाहीत तिथे.

कारण डोमाजी जगाचं बी तपासायचे, माझं तपासत नसत. पहिल्याच वर्षी मी पिशवी पुढे केली होती तेव्हा ते हसले होते. "भाच्याच्या हातचं कोनी तपासते का? पाप लागते."

त्यांनी पिशव्या तलावावर तरंगत ठेवल्या, पाण्याला पाणी मिळू दिलं, आणि माझ्यासमोर एकेक सोडली. मी बांधावर उभा राहून चहा पीत होतो. थांबा म्हणायला तेव्हाही वेळ होता.

उन्हाळ्यात जाळं ओढलं. मिशीवाले तेवढे लठ्ठ, बाकी जाळं रिकामं. चाळीस घरांचं वर्ष गेलं. कित्येक माणसं नागपूरला मजुरीला गेली. तलावाच्या पाळीवर सभा बसली आणि मला बोलावलं. मी गेलो तो काय सांगायचं ते ठरवून. बीज केंद्रानं फसवलं, असं म्हणणार होतो. डोळ्यांत पाणी आणायचीही तयारी होती.

बोलायची वेळच आली नाही. सीताबाई म्हणून एक फटकळ बाई उठल्या. त्यांनी थेट डोमाजींना विचारलं, "अध्यक्षजी, आमाले मिशा दिसल्या, तुमाले नाई दिसल्या काय?" लोक हसले. वाईट हसू होतं ते.

डोमाजी उभे राहिले. म्हणाले, "बी म्या पायलो. नजर गेली माई. मले नाई दिसलं."

कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. ते बोट त्यांनी हातानं खाली केलं. "पोराले काई मनू नका. बिन मायचं पोर हाये."

मी तिथे होतो. दहा हातांवर. ज्याला गर्दी दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही, तो मी. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. त्यांनी त्याच सभेत अध्यक्षपद सोडलं. निघताना रीतीप्रमाणे माझ्या पायांना हात लावला.

माझं काय झालं? काही नाही. उलट धंदा वाढला. ज्या भाच्यासाठी मामानं खुर्ची सोडली त्या भाच्याचं नाव आणखी चार गावांत पोचलं.

डोमाजींना मात्र आता कुणी बी दाखवत नाही. ते घरी जाळी विणतात, आणि अजून इतकी सुंदर विणतात की लांबून लोक मागायला येतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. बीज केंद्रातून आणलेली पिशवी बरोबर होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी तोंड सोडून ती त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "मामा, बघा जरा."

त्यांनी हात पुढे केला. पाण्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. "आता मले नाई समजत गा. तवा कसं चुकलो, तेच नाई समजलं."

सभेत बोललेलं खोटं त्यांना स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. आपण त्या दिवशी पाहिलं होतं, आणि आपल्याला दिसलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या आठवणीत ते असं बसलं होतं.

मी पिशवीचं तोंड बांधलं. चहा झाला, निघालो.

डोमाजींची नजर गेली, असं आज बारा गावं म्हणतात. तेही म्हणतात. त्यांची नजर गेली नव्हती. त्यांनी त्या पिशव्यांत पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते मी.