संजय ओव्हाळ इथेच राहतो

“वायर मधेच कधी तुटत नाही. टोक सुटतं. आधी दोन्ही टोकं बघा.”

हे भीमराव ओव्हाळांचं वाक्य. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून सगळा जन्म गेला, त्यामुळे बंद पडलेल्या कुठल्याही गोष्टीवर ते हेच सांगायचे. मिक्सर बंद पडला, टोकं बघा. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं, टोकं बघा. आम्ही एका गावचे. मी गावातच राहिलो, गोष्टी सांगत. ते पुण्यात आले आणि खांबांवर चढले. पुण्याला गेलो की माझा मुक्काम विश्रांतवाडीत त्यांच्याच घरी. पुढचं सगळं मी त्यांच्या आणि त्यांच्या लेकीच्या तोंडून ऐकलेलं आहे. माझ्या पदरचं यात फक्त सांगणं, आणि ते मला येतं.

संजय त्यांचा थोरला. कॉम्प्युटर शिकला, कंपनीत लागला, आणि मंदीच्या वर्षी कंपनीनं त्याच्यासारख्या पुष्कळ पोरांना घरी पाठवलं. नोकरी शोधायची एक वेबसाइट होती. पोरं तिथे आपली माहिती ठेवायची, कंपन्यांची माणसं येऊन निवडायची. पण पोरं लाखांनी. जो आज आत येऊन गेला त्याचं नाव वर, जो आठवडाभर फिरकला नाही तो तळाला. म्हणून संजयनं एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकापुढे एक दिलेले हुकूम. साइट उघड, नाव भर, पासवर्ड भर, बटण दाब, आत गेलास की माहितीच्या शेवटचा पूर्णविराम काढ, उद्या तो परत घाल, बाहेर ये. एवढ्यावर साइट समजायची की पोरगा स्वतः येऊन गेला. त्याच्या नावापुढे हिरवी अक्षरं उमटायची, ‘आज सक्रिय’.

त्याच साली डेंग्यूच्या तापात संजय गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं आली, बसली, उठून गेली. मग एका सकाळी भीमराव चहाचा कप घेऊन पोराच्या खोलीत गेले. पाय सवयीनं तिकडे वळले होते. कॉम्प्युटर कुणी बंद केलेलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर पान उघडलं. नाव भरलं गेलं. पासवर्डच्या जागी काळे ठिपके एकामागून एक पडत गेले, जसं कुणी दाणे टाकत चाललंय. खुर्ची रिकामी होती. आणि मग वर अक्षरं आली, ‘वेलकम, संजय’.

भीमराव तसेच उभे राहिले. घरात त्या नावानं हाक मारणं लोकांनी सोडून दिलं होतं. लोक ‘तो’ म्हणायचे. जवळचे ‘आपला मुलगा’ म्हणायचे. इथे कुणी तरी नावानं बोलावत होतं, आणि कुणी तरी आत जात होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून ते बसायला लागले. बायको आधीच वारलेली. घरात ते आणि धाकटी दीक्षा. दीक्षा खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. साइटवाले मधूनमधून लॉगिनचं पान बदलायचे, नावाच्या चौकोनाला आत दुसरंच नाव द्यायचे, आणि मग स्क्रिप्ट जुन्या जागी चाचपडून गप्प व्हायची. पहिल्यांदा दीक्षानं दुरुस्त करून दिली. दुसऱ्यांदा त्यांना शिकवलं. पान उघडायला वेळ लागतो आणि स्क्रिप्ट घाई करते, तर तिला थोडं थांबायला सांगायचं. चौकोनाचं आतलं नाव बदललं, तर पानाच्या पोटातून नवं नाव शोधून तिथे घालायचं. म्हातारा चुकायचा, वैतागायचा, पण शिकला.

पुढे साइटनं वाकडीतिकडी अक्षरं दाखवायला सुरुवात केली. तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे दाखवण्यासाठी ही अक्षरं ओळखा, असं खाली लिहिलेलं. हे स्क्रिप्टला जमेना. मग स्क्रिप्ट तिथपर्यंत जाऊन थांबायची, आणि भीमराव चष्मा कपाळावरून खाली ओढून ती अक्षरं एका बोटानं टाइप करायचे. मुलाच्या नावानं रोज सांगायचे, की आत येणारा माणूसच आहे.

“पप्पा, आता बंद करा हे,” दीक्षा म्हणायची. “माझ्या मैत्रिणीला दादाचं नाव आजही लिस्टमध्ये वर दिसतं. तिनं मला विचारलं, अंगावर काटा आला.”

“वर आहे ना? तुझं कुठे आहे?”

“माझं खाली आहे. मी जिवंत आहे ना.”

यावर भीमराव चहा प्यायचे.

आणि एका सकाळी दार उघडलं नाही. ‘वेलकम, संजय’च्या जागी लाल ओळ आली. भीमरावांनी सगळं पाहिलं. चौकोनांची नावं तीच होती. पान वेळेवर उघडत होतं. वाकडी अक्षरं बरोबर होती. दीक्षा संध्याकाळी आली तेव्हा ते अजून तिथेच होते, जेवण झाकलेलं.

तिनं स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हातानं नाव-पासवर्ड भरला. तीच लाल ओळ. पासवर्ड चुकीचा.

“स्क्रिप्टमध्ये काही बिघाड नाही, पप्पा. कुणी तरी पासवर्ड बदललाय.”

“कुणी?”

“तो आत जाऊन बदलावा लागतो. म्हणजे दादानंच.” 

मग तिनं आपल्या नावानं आत जाऊन भावाचं पान बाहेरून पाहिलं. पान होतं. ‘आज सक्रिय’ होतं. मोबाइल नंबर दुसराच होता. फोटो काढून टाकलेला, त्या जागी करड्या रंगाचं नुसतं डोकं, ज्यांचा फोटो नसतो त्यांना साइट देते तसं. आणि खाली एक नवी ओळ आलेली. सध्याची नोकरी, येरवड्यातली एक कंपनी, रुजू होऊन महिना.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. माझा विश्वास आहे, की माणसाला खरी भीती अंधाराची नसते. जे अगदी नीट लिहिलेलं असतं आणि तरी खरं असू शकत नाही, त्याची असते.

दीक्षानं साइटला कळवलं. त्यांचं सरळ उत्तर आलं, मृत्यूचा दाखला पाठवा, खातं कायमचं पुसून टाकू. दाखला कपाटात होता. आणल्यापासून भीमरावांनी त्याची घडी उलगडली नव्हती. ती घडी उलगडली की संजयला नावानं बोलावणारं जगात कुणी उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, पाठवू. पण दाखला काढून दिला नाही.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी दारात एक माणूस उभा राहिला, हेल्मेट काखेत, हातात पॅड. नोकरीला नव्यानं लागलेल्यांचे पत्ते तपासायचं काम कंपन्या ज्यांना देतात त्यांच्यातला.

“संजय भीमराव ओव्हाळ इथेच राहतात का?”

किती तरी दिवसांत कुणी असं विचारलं नव्हतं. राहतात का. राहायचे नव्हे. भीमरावांच्या मागे खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.

“इथेच राहतो,” भीमराव म्हणाले.

“आपण कोण?”

“वडील.”

“घरी आहेत का ते आत्ता?”

“कामावर गेलाय.”

माणसानं पॅडवर खूण केली, सही घेतली, पाणी मागितलं, पिऊन गेला.

संध्याकाळी दीक्षाला कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. “पप्पा, तुम्ही मेलेल्या माणसाला नोकरीत कायम केलंत.”

“मेला का असं त्यानं विचारलं नाही. राहतो का विचारलं.”

“मी उद्या पोलिसांत जाते.”

“जा. पण आधी मला दुसरं टोक बघू दे.”

असे दोघं स्कूटरवरून येरवड्याला गेले. दुपारची जेवणाची सुट्टी, कंपनीच्या फाटकासमोर चहाची गाडी. दीक्षा स्कूटरजवळ थांबली. पोरंपोरी गळ्यात कार्डं अडकवून घोळक्यानं बाहेर येत होती. ऊन डोक्यावर, कुणाचीच सावली पडत नव्हती. भीमरावांनी एकही चेहरा शोधला नाही. आयुष्यभर अनेक दारांत हाक मारत आले होते, तशी त्यांनी घरगुती आवाजात हाक मारली.

“संजय.”

घोळक्यातून एकानं मान वळवली. सावळा, बारीक, संजयपेक्षा बुटका. चेहऱ्यात काहीच सारखं नव्हतं. पण मान वळली ती अगदी सहज. आपलंच नाव ऐकल्यावर वळते तशी.

तो चालत आला. “बोला ना काका.” मग त्याची नजर दीक्षावर गेली, पुन्हा भीमरावांवर आली, आणि तो एक पाऊल मागे सरला.

“तू ओळखतोस मला,” भीमराव म्हणाले.

“मी आलो होतो तुमच्याकडे. पुण्यानुमोदनाला. मागं बसलो होतो.” त्याची शहरी भाषा तिथेच गळून पडली. “आमी एका क्लासात होतो. त्यानं ती स्क्रिप्ट समद्यांना वाटली व्हती. आपापला पासवर्ड टाका म्हणला. त्याचा त्यानं पुसलाच न्हाई, तसाच आत राहिला.”

“आणि तू घेतलास.”

“लगेच न्हाई घेतला, काका.” पोरगा खाली बघत राहिला. “मी रोज सकाळी बघायचो. तो गेलाय, मी सोता फुलं वाहून आलोय, आन त्याचं नाव रोज वर. आज सक्रिय. आधी भ्यालो. मग वाटाया लागलं, हा मेलेला रोज उठून जातोय, आन मी जिता असून कुणी फोन करंना. कंपनीचा मेल त्यालाच आला, त्याच्याच पासवर्डनं आत जाऊन मी वाचला. मी नुसता गेलो. पासवर्ड मागनं बदलला.”

“पत्ता आमचा ठेवलास.”

“कागदावर त्योच व्हता. वाटलं, घरी माणूस गेला की संपलं. सामान बांधून बसलो होतो.” त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमी हो म्हणलात. तवापासून मी हाय.”

भीमरावांनी त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचलं. चहावाली गिऱ्हाइकांचे ग्लास विसळत होती.

“तुझं नाव काय?”

पोरानं तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. गळ्यातल्या कार्डाकडे त्याचा हात गेला. दीक्षा सांगते, की त्या थांबण्याइतकं भयंकर तिनं काही पाहिलेलं नाही.

“बजरंग,” तो शेवटी म्हणाला. “आई फोन करती गावावरनं. बजरंग म्हणती. आताशा मला वाईच उशिरानं ध्यानात येतं.”

भीमरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“ऐक. माझा संजय वारला. तापात गेला, आमच्या डोळ्यांसमोर.” हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि फार सावकाश बोलत होते. “मी रोज त्याला ढकलून आत पाठवत होतो. तो तिकडं न्हवताच. तिकडं तू जाऊन पडलास. आता तुझी आईपण हाका मारत बसंल.”

“मग मी काय करू?”

“उद्या दाखला घेऊन मी या फाटकात येणार. त्याआधी तू आत जा आणि तुझ्या तोंडानं सांग. नोकरी जाईल. पोलीसही येतील कदाचित. पण तू येशील बाहेर.”

“तुमी माझ्यासाठी बोलाल?”

“बजरंगसाठी बोलेन,” भीमराव म्हणाले. “बाकी कुणाला मी ओळखत न्हाई.”

त्यांनी दीक्षाला हातानंच सांगितलं, मी पायी येतो. आणि निघाले. खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं, खांब लागेल तिथे क्षणभर वर बघत. दीक्षा स्कूटर न सुरू करता बघत राहिली. बजरंगही तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, कार्ड मुठीत गच्च धरून, आणि बघत राहिला. आतून वॉचमननं ‘ओव्हाळ’ म्हणून आवाज दिला, सुट्टी संपली होती. दोघांपैकी कुणी वळलं नाही.

चहावालीनं ग्लास उचलता उचलता दीक्षाला विचारलं, “तुमचे वडील का? दोघांवर रागावून गेले वाटतं.”

भीमराव तोवर कोपऱ्यावर पोचले होते. एक बस आडवी आली. बस गेली तेव्हा कोपरा रिकामा होता, आणि ती दोघं अजून तिकडेच बघत होती.